ज्याचा त्याचा कॉर्ड

म्हात्रे सरांनी आमच्या शाळेतल्या अकरा मुलांना तीन महिने गिटार शिकवली, आणि त्यांतल्या एकालाही गिटार येत नव्हती. हे मी कुचकेपणाने म्हणत नाही. सरांची पद्धतच तशी होती. गिटारवर बोटं ठरावीक जागी दाबून सगळ्या तारा एकदम छेडल्या की त्याला कॉर्ड म्हणतात, आणि असे चार-पाच कॉर्ड आलटून पालटून वाजवले की साधं गाणं उभं राहतं, एवढं मलाही आता कळतं. सरांनी प्रत्येक मुलाला त्यांतला एकच कॉर्ड शिकवला. एक म्हणजे एकच. तिघांना सी, तिघांना जी, तिघांना ए मायनर आणि उरलेल्या दोघांना डी मायनर.

गाणं सुरू झालं की सर हातातल्या रंगाच्या ब्रशने ज्यांच्याकडे खूण करतील त्यांनी वाजवायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. एखाद्या मुलीने उत्साहाच्या भरात शेजारणीचा कॉर्ड वाजवलाच तर सर तिथल्या तिथे थांबत. "तो तुझा हाय काय गो? नाय ना? मग आपलं आपलं तेवढं कर."

ब्रश कुठून आला, ते सांगायला हवं. सर पेणचे, गणपतीच्या कारखान्यातले. तिथे एक माणूस एक मूर्ती पुरी करत नाही. मूर्ती रांगेत मांडलेल्या असतात. एक जण नुसता अंगाला रंग देत जातो, दुसरा नुसतं पितांबर करतो, तिसऱ्याकडे सोनेरी. डोळे करणं म्हणजे आखणी, आणि ती ज्याचा हात बसलाय त्यानेच करायची. सर आखणीवाले. पंचवीस वर्षांत त्यांनी डोळ्यांखेरीज काही रंगवलेलं नाही. एकदा मी सहज विचारलं, की सर, सोंडेवरची ती नक्षी कशी काढतात हो? ते म्हणाले, "सोंड माझी नाय," आणि विषय संपला.

तर गणपती उठल्यावर सरांचे हात रिकामे झाले, आणि त्याच सुमारास आमच्या रोह्याच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने बारा गिटारी भेट दिल्या. शिकवणारा कोणी मिळेना. कुणीतरी कारखान्यात फावल्या वेळी गिटार वाजवणाऱ्या म्हात्र्यांचं नाव सुचवलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दर शनिवारी शाळा सुटल्यावर वाद्यवृंदाचा वर्ग ठेवला आणि देखरेखीला मला बसवलं. मी भूगोल शिकवतो. गिटारशी माझा संबंध काय, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "कदम सर, तुम्ही शेजारच्या वरसे गावातच राहता, घर जवळ आहे."

सर पेणहून स्कूटरवर येत, पाठीला गिटार बांधून. वाटेत वडखळचा नाका, तिथे गाड्या कायम तुंबलेल्या. आल्या आल्या पहिलं वाक्य, "वडखळला अडकलो." लवकर आले तरी हेच. एकदा तर पाऊण तास आधीच येऊन फाटकाशी उभे होते आणि मला बघून म्हणाले, "वडखळला अडकलो." नमस्कार करतात तसं ते होतं, असं माझं मत झालं.

ते बसत नसत. मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायचो, ते तिच्यावर चहाचा कप ठेवायचे. मुलं ओळीत उभी आणि सर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालतायत, कुणाचं बोट सरकव, कुणाची तार पिळ, कुणाच्या खांद्यावर टपली. दीड तास हे चाले. "मूर्ती हलत नाय, कारागीर हलतो," असं ते सांगायचे. मला बघून बघूनच घेरी यायची. मी स्वभावाने घड्याळ बघणारा माणूस. मला एका जागी बसून वाट बघणं जमत नाही आणि दुसऱ्याने धावपळ केलेलीही बघवत नाही.

पुढे त्या गाण्यात, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं एक कोळीगीत होतं ते, एफ नावाचा कॉर्ड निघाला. एफ भयंकर. पहिलं बोट आडवं करून सहाही तारा एकदम दाबून धरायच्या. मुलांच्या कोवळ्या बोटांना ते होईना. सरांनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "सर, तुमचा हात मोठा हाय."

अशा रीतीने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एफ झालो. बोटांच्या टोकांना फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. फळ्यावर नद्या काढताना खडू टोचायचा. पण तिसऱ्या शनिवारी एफ खणखणीत वाजला, आणि मला जो आनंद झाला तो बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता.

या पद्धतीतून जे घोटाळे झाले त्यांची गंमत काही विचारू नका. वर्गात हजेरी घेताना मी "मयूरी" म्हटलं की मागून आवाज, "जी आलीय सर!" एकदा एक डी मायनर मामाच्या लग्नाला आणि दुसरा तापाने आडवा. त्या दिवशी गाण्यात डी मायनरच्या जागी भोक पडायचं, आणि सर ते भोकही ब्रशने दाखवायचे. पण खरी मजा घरोघरी. पाहुणे आले की आई म्हणायची, वाजवून दाखव रे. पोरगा शाळेतून सरावाला आणलेली गिटार घ्यायचा आणि सी वाजवायचा. सी, सी, सी. आजोबा म्हणायचे, पुढं? पोरगा म्हणायचा, "पुढचं मयूरीकडं हाय." मग मयूरीला फोन. फोनवरून मयूरीचा जी. आणि पाच मिनिटांनी माझा फोन वाजायचा. मी वरशात भाजी निवडत बसलेलो असायचो.

"सर, पाव्हणे आलेत. जरा एफ वाजवता काय?"

मी वाजवायचो. आता लाजायचं काय? मुलं एकमेकांच्या घरी जायला लागली होती. जी मंडळी एरवी बाकावर शेजारी बसत नव्हती, ती गाणं पुरं करायला कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर जमायची.

पालकांना मात्र ते पटेना. तीन महिने झाले आणि मुलाला गाण्याचा एक तुकडा येतो, हे कुठलं शिकणं? दोघं-तिघं मोठ्या बाईंना भेटले. बाईंनी मला बोलावून अट सांगितली. डिसेंबरातल्या एका शनिवारी पालकांसमोर कोणीही एका मुलाने अख्खं गाणं एकट्याने वाजवून दाखवायचं; जमलं तर वर्ग पुढे चालू, नाही तर बंद.

मी सरांना सांगितलं. ते येरझारा घालता घालता थांबले.

"एकट्यानं? एकट्यानं कशाला वाजवायचं? अकरा जनं हायेत ना?"

"सर, नाहीतर वर्ग बंद होईल."

"आमच्या कारखान्यात एकानं सगळा गणपती केलेला बघितलाय तुमी?" ते खरोखर चिडले होते. "मी नाय शिकवणार. ज्याचा त्याचा कॉर्ड."

झालं. आता हा माणूस हट्टाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणार, हे मला दिसत होतं. आणि मला तो वर्ग हवा होता. पंचवीस वर्षं शाळेची घंटा झाली की मी छत्री उचलून घरी जात आलोय. शनिवारचा तो दीड तास हा एकच, ज्याची मी सोमवारपासून वाट बघायचो. म्हणून मी सरांना न सांगता एक उद्योग केला. मधल्या सुट्टीत मुलांना भूगोलाच्या खोलीत बोलावलं आणि मोबाईलवरचे धडे बघून बघून सगळ्यांना सगळे कॉर्ड शिकवले. एकमेकांचे कॉर्ड त्यांना ऐकून पाठच होते, दोन आठवड्यांत हात बसले. मयूरी तर एफसुद्धा दाबायला लागली.

पालकांच्या सभेत मयूरी एकटी उभी राहिली आणि अख्खं गाणं वाजवलं. कुठे अडली नाही. टाळ्या पडल्या, तिच्या आईने डोळे पुसले, मोठ्या बाईंनी वर्ग चालू राहील असं तिथेच जाहीर केलं. मी सरांकडे बघितलं. ते भिंतीपाशी उभे होते, न हलता. मयूरी त्यांच्या पाया पडायला गेली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळं आलं की गो तुला." मग गिटार पाठीला बांधली आणि चहा न घेता गेले.

पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. अंग दुखतंय, असा निरोप आला. मुलं आली चार. बाकीच्यांना व्हरांड्यात गाठलं तर एक म्हणाला, "सर, मला येतंय की आता. मी घरीच वाजवतो." त्याच्या पुढच्या शनिवारी सर नाहीत, मुलं चारच. मी रिकाम्या खोलीत खुर्च्या सरळ करत बसलो. काहीतरी आपल्या हातून बिघडलंय आणि काय ते कळत नाही, अशी तगमग आठवडाभर राहिली. रविवारी जेवण उरकून मी पेण गाठलं.

सर कारखान्याच्या मागच्या खोलीत राहतात, एकटेच. लग्न केलं नाही. पुढच्या मोसमाच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या, त्यांच्यामधून वाट काढत गेलो. आतून गिटार ऐकू येत होती. मी दाराशी थांबलो. ते खाटेवर बसून वाजवत होते. सगळे कॉर्ड, वरून गाण्याची चाल, खालून ठेका, सगळं दोन हातांत. तीन माणसं वाजवतायत असं वाटलं. इतकं सुंदर मी प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं.

"सर, तुम्हाला हे एवढं येतं!"

"सगळं येतंय," ते म्हणाले. "तेच तर झालं ना."

मग त्यांनी सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी कारखान्यातले चौघं जण गिटार शिकायला लागले. गिटार एक. एकाला एक कॉर्ड आला, दुसऱ्याला दुसरा. ज्याचा कॉर्ड येईल त्याच्या मांडीवर गिटार सरकवायची. एक गाणं वाजायला अर्धा तास लागायचा.

"हसून हसून मरायचो आमी. पन रोज संध्याकाळी चौघांना यायलाच लागायचं. एक नाय आला तर गाणं पुरं व्हायचं नाय. मग मी हट्टाला पेटलो, सगळं शिकलो. त्यांना एकट्यानं वाजवून दाखवलं. त्यांनी चार दिवस ऐकलं. छान वाजवतोस म्हनाले. मग यायचे बंद झाले." त्यांनी तार पुसली. "त्यांचं काय चुकलं? मला कोन लागतच नव्हता."

मग त्यांनी गिटार बाजूला ठेवली.

"शनिवारी किती आली?"

"चार."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने अकरा मुलांना एकमेकांशी बांधून ठेवलं होतं आणि मी दोन आठवडे मधल्या सुट्टीत बसून, मोठ्या हौसेने, ती गाठ सोडवली होती. वर्ग वाचवला म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बोललो.

"सर, मला बी मायनर येत नाही."

"काय येत नाय?"

"बी मायनर. महिनाभर धडपडतोय. आवाजच फुटत नाही. मोबाईल बघून काही होत नाही ते."

सर खाटेवरून उठले. "मोबाईल काय सांगनार? कोपर कुठं धरता? दाखवा बघू." त्यांनी माझी बोटं तारांवर ठेवली, मी ती मुद्दाम लटपटवली. सरांनी खोलीत एक फेरी मारली, मग दुसरी. "असं एका दिवसात नाय व्हायचं. शनिवारी येतो. नखं कापून ठेवा."

परतताना मी वडखळला खरोखरच अडकलो, आणि तिथे गाडीत बसल्या बसल्या लक्षात आलं की आपली थाप किती भिकार आहे. एफला जे बोट आडवं धरावं लागतं तेच बी मायनरला. ज्याला एफ येतो त्याला बी मायनर न यायला काही कारण नाही. हे मला आत्ता सुचलं. सरांना ते माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं असणार.

शनिवारी ते आले. चार मुलं होती, मी होतो. सरांनी दीड तास माझ्या बी मायनरवर घालवला. त्याच्या पुढच्या शनिवारी मयूरीने तोंड पाडून सांगितलं की तिला जी येईनासा झालाय. त्याच्या पुढच्या शनिवारी सात मुलं आली आणि सातही जणांचं काही ना काही विसरलं होतं. हे कारस्थान मी केलेलं नाही. मुलांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

आता दोन महिने होत आले. मी दर शनिवारी बी मायनर इमानदारीने चुकवतो; एक तार बद्द, एक तार खरखरीत, कधी बोटच भलत्या जागी. परवा मात्र गडबड झाली. सरांनी बी मायनरसाठी काढलेल्या नव्या गाण्याच्या नादात मी भान विसरलो आणि बी मायनर असा काही स्वच्छ वाजला की सगळ्यांचे हात थांबले. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मयूरीने तोंडावर हात ठेवला.

सर पलीकडच्या टोकाला होते. चालत चालत माझ्यापाशी आले. माझी बोटं बघितली, सहाच्या सहा तारा बघितल्या. मग माझं मनगट, जे अगदी बरोबर जागी होतं, धरून थोडंसं वर सरकवलं.

"नाय सर," ते म्हणाले. "अजून नाय जमलं. पुढल्या शनिवारी बघू."

मी म्हटलं, "बरं सर."