तिष्ठून राहिलो

आमच्या शेजारचे ढोकेबाबू वाट पाहताना कधी बसत नाहीत. बँकेत दहा खुर्च्या रिकाम्या असू द्या, बाबू आपले खांबाशी उभे. "बसा ना बाबू," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मी तिष्ठून राहिलो."

हा शब्द पांढुर्ण्यात दुसरं कोणीच बोलत नाही. अर्ध्या गावाला तो आजार वाटतो. बँकेतल्या नव्या साहेबांनी तर घाबरून, "डॉक्टर को दिखाया क्या?" असं विचारलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला जरा जास्तच झोंबायचं. एकदा म्हटलंच, "काहून बाबू, साधं वाट पाहून राहिलो म्हणा ना."

"मॅडम, वाट पाहणारा बसून पाहते, चहा पिऊन पाहते. तिष्ठणाऱ्याले उभंच राहा लागते. शब्दातच उभं राहणं आहे, पाहा तुमच्या कोशात."

पाहिलं. होतं बाप्पा. तेव्हापासून मी त्यांच्या नादी लागत नाही.

मागच्या रविवारी सकाळीच बाबू आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. "सुजाता येऊन राहिली भोपाळहून. स्टेशनवर चालता का?" सुजाता त्यांची एकुलती मुलगी. मी इथे राहायला आल्यापासून ती एकदाही आलेली नव्हती.

गाडी लेट. मी बाकावर, बाबू उभे. तासाभरानंही ते बसेनात, तशी मी रागावलेच. "आता बसा, नाहीतर मी घरी जाते."

बाबू रुळांकडे पाहत म्हणाले, "लग्न करून आली होती, मॅडम. माझ्या मनाविरुद्ध. भर दुपारी दोघं दारात तिष्ठत होते. दोन घंटे. मी आतून कडी लावून खुर्चीवर बसून होतो. तिची माय असती तर उघडलं असतं तिनं." मग हळूच, "उतरलीच नाही तर?"

मी बाकावरून उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले. फार वाईट वाटलं त्यांचं.

गाडी आली. मागच्या डब्यातून सुजाता उतरली, पाठोपाठ बॅग घेऊन जावई. चार पावलांवर येऊन दोघं थबकले.

बाबूच पुढे झाले. म्हणाले, "घराले कुलूप नाही लावलं, बेटा. दार सताड उघडं ठेवून आलो."