पंखात अडकलेला हात

मार्तंडरावांचा उजवा हात कोपरापर्यंत विमानाच्या पंखात अडकला आणि नेमक्या त्याच वेळी, आपण कायमचं घर सोडून चाललो आहोत हे सांगायला सिंधूताई शेडमध्ये आल्या.

विमान घरचंच. म्हणजे खरोखर घरी बनवलेलं. माणूस रिटायर झाला की भाजी आणतो, नातवंडं फिरवतो; या गृहस्थांना उडायचं होतं. ज्या शेडमध्ये सिंधूताईंचा शिवणक्लास चालायचा, तिथे आता पंख पसरले होते आणि शिलाई मशिनी माळ्यावर गेल्या होत्या. आज पंखाला एक नळी बसवायची होती. हवा त्या नळीवर कशी येते त्यावरून विमानाचा वेग कळतो, आणि नाक फार वर गेलं तर विमान पडण्याआधी भोंगा वाजतो.

"मी रामटेकले बहिणीकडे चालली. आता येनार नाही," सिंधूताई म्हणाल्या.

"हात अडकला वं."

"काहून घातला?"

"आतून नट धरून आहो. बाहेरून स्क्रू फिरवाले माणूस पायजे. माहा दुसरा हात तिथवर पुरत नाही."

"मूठ सोडा, निंगन हात."

"सोडली तं नट आत पडन. जनमभर खडखड करन."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. साबणाचं पाणी आणलं, मग खोबरेल तेल. हात निघाला नाही, शर्टाची बाही तेवढी माखली. नवऱ्याच्या नाकावर घाम आला, तोही त्यांनीच पुसला. मग स्टूल ओढून समोर बसल्या. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदाच उठून जाऊ शकत नव्हता, अशी संधी कोण सोडणार? क्लास बंद पडला ते बोलल्या. लेकीच्या बाळंतपणात हा माणूस इंजिन पाहायला गेला होता, ते बोलल्या.

"मी तोंड उघडलं का तुमी ड्रिल मशीन सुरू करता. आज आयका."

मार्तंडराव मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "पन या नळीचं पाह्य ना वं. विमान पडाच्या आधी सांगते."

"मंग मी काय करून राहिली होती इतके वर्स?"

मार्तंडरावांना लाज वाटली, आणि ती तोंडावर दिसली. ती पाहून सिंधूताई जरा मऊ झाल्या, बायका होतात तशा.

"मूठ सोडा अन् मले स्टँडवर सोडाले चाला. रस्त्यानं बोलू. मन झालं तं वापसबी येईन."

मार्तंडरावांनी बायकोकडे पाहिलं, पंखाकडे पाहिलं. मूठ काही सुटेना.

बाई उठल्या. पेचकस उचलला आणि बाहेरून स्क्रू करकचून आवळला. नट बसला, मूठ उघडली, हात अलगद बाहेर आला.

"झालं. आता चालता?"

मार्तंडराव खूश होते. तेलकट हात पँटला पुसत म्हणाले, "थांब, आनखी तीन हायेत."

सिंधूताईंनी पिशवी उचलली. फाटक वाजलं. बाहेर ऑटो थांबला आणि निघूनही गेला. तोवर मार्तंडरावांनी दुसरा नट घेऊन हात परत कोपरापर्यंत आत घातला होता. चाचपडून जागा सापडली, मूठ घट्ट आवळली आणि ते म्हणाले, "हां, फिरव वं आता."