साडूच्या आधी सुरू

शपथेवर सांगतो, या हकिकतीतला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. (ऐन मोक्याच्या वेळी मी टेबलाखाली होतो, त्यामुळे डोळ्यांऐवजी कान म्हणा. आणि वर काय चेहरे झाले ते बायकोनं नंतर सांगितलं, तेव्हा तेही ऐकीवच.) पण खरं आहे. खोटंच सांगायचं असतं तर स्वतःला जरा बरी भूमिका दिली नसती का?

साडू म्हणजे कोण? तर ज्या घरानं तुम्हाला जावई म्हणून कसंबसं पसंत केलं, त्याच घरानं तुमच्या आधी, आनंदानं पसंत केलेला माणूस. भाऊ असता तर भांडता आलं असतं. शेजारी असता तर घर बदललं असतं. साडूवर इलाज नाही. माझा साडू लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. उंच आहे. डोक्यावर केस आहेत, तेही स्वतःचे. गाडी मागे घेताना एकदाच आरशात बघतो आणि गाडी जागेवर जाऊन बसते. हे सगळं मी इतकी वर्षं गिळलं. कॉम्प्युटर मात्र घशात अडकला.

झालं असं की आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. साडूला कसलेसे फोटो दाखवायचे होते. त्यानं बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत पडदा उजळला.

"अगं बाई, झालासुद्धा सुरू?" माझी बायको म्हणाली. "आमच्याकडे मी बटण दाबते, झाडांना पाणी घालते, वेणी घालते, ह्यांना उठवते, तरी ते पडद्यावरचं चक्र फिरतच असतं."

"आणि तोवर हे उठतात?" मेहुणीनं विचारलं.

"दोघं साधारण एकदमच सुरू होतात."

सगळे हसले. मीही हसलो. (म्हणजे दात दाखवले.)

येताना बायको गाडीत एकच वाक्य बोलली. "भाऊजींचं सगळं कसं झटक्यात असतं." बाकी रस्ता तिनं झोपून काढला आणि मी त्या 'सगळं' शब्दाचा कीस काढत. घराच्या फाटकात गाडी घासली तेव्हा माझा निश्चय पक्का झाला होता. आपला कॉम्प्युटर साडूच्या आधी सुरू झाला पाहिजे.

आमच्या जुन्या खोक्यात लिनक्स घालून दिली होती तीही साडूनंच. लिनक्स म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट घेता येणारी आणि (इथेच घात झाला) कुणालाही आतून उघडून ढवळता येणारी प्रणाली. आजवर मी तिच्या वाटेला गेलो नव्हतो. त्या कॉम्प्युटरवर बायको काम करते. लोकांची स्वयंपाकघरं, कपाटं, बसायच्या खोल्या यांचे नकाशे काढते. आणि आता पहिल्यांदाच मोठं काम दारात आलं होतं. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना अख्खा नवा दवाखाना सजवायचा होता. शनिवारी सकाळी बाई स्वतः घरी येऊन नकाशे बघणार होत्या. आवडले तर काम हिला, नाहीतर मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या ऑफिसवाल्यांना.

शुक्रवारी ही मापं पुन्हा एकदा ताडून बघायला दवाखान्यात गेली आणि मी रजा टाकून कॉम्प्युटरपुढे बसलो.

माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी पाणीपुरवठा कार्यालयात हजेरी बघतो. कोण उशिरा आलं ते हेरायचं आणि त्याला मेमो द्यायचा, हा माझा धंदा. (माझी हजेरीही मीच लावतो, म्हणून ती निष्कलंक आहे.) तेव्हा इंटरनेटवर एक आज्ञा सापडली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. ती आज्ञा दिली की सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला हे कॉम्प्युटर स्वतःच सांगतो, सगळ्यात आळशी सगळ्यात वर. आज्ञेचं नावच मुळी 'ब्लेम', म्हणजे खापर फोडणं. ही सोय बायकोखेरीज आणखी कुणाकडे असेल असं मला वाटलं नव्हतं.

ऑफिसात मेमो देऊन देऊन हात थकले, पण एक माणूस हलला नाही. इथे ना चौकशी समिती, ना युनियन. उशीर झाला की थेट घरी बसवायचं. मी वरून सुरुवात केली. प्रिंटर सांभाळणारा एक जण होता. महिन्यातून कधीतरी लागणाऱ्या कामाला रोज हजर कशाला? घरी. ब्लूटूथ नावाच्या गृहस्थांशी आमच्याकडे कुणाची ओळख असल्याचं मला आठवेना. घरी. पण सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती ती एक डिस्क. ही बया रोज उशिरा यायची, आल्यावर आपली तब्येत तपासून घ्यायची, आणि तोवर बाकी सगळे तिच्यासाठी दारात खोळंबलेले. नावाच्या जागी आकड्या-अक्षरांची लांबलचक मालगाडी. अशी माणसं मी ऑफिसात ओळखतो. कुणाच्या तरी वशिल्यानं आलेली असतात. कुणाच्या, ते विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे साडूला. त्यापेक्षा मेलेलं बरं.

कुठल्या डिस्कनं हजर राहायचं हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ओळीच्या आधी जाळीसारखं एक चिन्ह टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. मी चिन्ह टाकलं. कॉम्प्युटर बंद केला. सुरू केला.

बोट अजून बटणावर होतं आणि पडदा उजळला.

मी पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. नवीन घरात दिवे लावून बघतात तसा कितीतरी वेळ हाच खेळ. आत काही उघडून मात्र बघितलं नाही. शर्यत जिंकलेल्या घोड्याला कुणी लगेच नांगराला जुंपतं का?

शनिवारी सकाळी बायकोनं बटण दाबलं आणि सवयीनं पाण्याचा झारा उचलला.

"अगं, मागे बघ," मी म्हणालो.

तिनं बघितलं. झारा हातातच राहिला. "हे तुम्ही केलंत?"

हे वाक्य लग्नानंतर मी पुष्कळदा ऐकलं आहे. पण या आवाजात नाही.

"किरकोळ काम होतं," मी म्हणालो.

"अहो, भाऊजींच्यापेक्षा लवकर झाला."

इथे हकिकत संपली असती तर मी सुखानं डोळे मिटले असते. पण बेल वाजली आणि डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, बोलण्याआधी समोरच्याचे दात बघणाऱ्या. बायकोनं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"अहो, माउस हलत नाहीये."

"बॅटरी गेली असेल."

"परवाच घातली."

"मग वायर बघतो."

"त्याला वायर कुठाय? ब्लूटूथवर चालतो तो."

त्या क्षणी माझी त्या गृहस्थांशी ओळख झाली. मी खणातला जुना वायरवाला माउस घेतला आणि खोक्याच्या मागे खोचायला टेबलाखाली शिरलो. पुढचं सगळं मी दोन जोडी पावलांच्या सान्निध्यात ऐकलं.

"हां, हलला. तर डॉक्टर, हे दवाखान्याचं फोल्डर..."

मग माउसची टिकटिक. पुन्हा टिकटिक.

"रिकामं दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हीच कल्पना आहे का तुमची? मोकळी जागा मलाही आवडते. पण पेशंटला निदान एक खुर्ची लागेल."

"अहो," बायकोनं हाक मारली.

"हं?"

"माझे नकाशे कुठे गेले?"

"इथे खाली तर नाहीत," मी म्हणालो.

"दवाखाना नाही. बाकीचीही कामं नाहीत. मी काढलेलं एकूण एक... काहीच नाही हो."

ती ओरडली असती तर मी खालीच राहिलो असतो. पण तिचा आवाज बारीक झाला होता, आणि तो आवाज मला टेबलाखाली बसून ऐकवेना. मी बाहेर आलो. येताना डोकं आपटलं, पण कुणी विचारलं नाही. बायको फोन लावत होती. कुणाला, ते सांगायला नको.

"भाऊजी, माझं सगळं गेलं." तिनं फोन टेबलावर ठेवला. आता साडूचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"काही गेलेलं नसतं. तुझ्या नकाशांसाठी मी वेगळी डिस्क बसवली होती बघ, जुनी, मोठी. ती जोडली गेलेली नाही, एवढंच. साडूभाऊ आहेत का तिथे?"

"आहेत."

"त्यांनी काही केलंय का?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"छे," बायको म्हणाली. "ते तर टेबलाखाली आहेत."

"बरं बरं." साडूला सगळं कळलं होतं, हे त्या 'बरं बरं'मधूनच मला कळलं. हा माणूस टोमणासुद्धा मारत नाही. त्यानं मारला असता तर मला केवढा आधार झाला असता. त्यानं शांतपणे ती फाइल उघडायला सांगितली, ओळीआधीचं चिन्ह काढायला सांगितलं, आणि म्हणाला, "आता त्याच ओळीत मी सांगतो तो एक शब्द घाल. म्हणजे सुरू होताना तो डिस्कची वाट बघत बसणार नाही, तू फोल्डर उघडशील तेव्हाच तिला बोलावेल. माझ्याकडे असंच आहे."

एक शब्द. मी दिवसभर माणसं घरी पाठवत बसलो होतो आणि त्यानं एका शब्दात कामही राखलं आणि वेगही दिला.

नकाशे परत आले. डॉक्टरीणबाईंनी ते नीट बघितले, दोन जागी खिडकी हलवायला सांगितली आणि काम हिला दिलं. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही दात फार आवळून धरता. झिजतील."

पुढच्या रविवारी आम्ही साडूकडे आभार मानायला गेलो. तिथे बोलता बोलता मेहुणी म्हणाली, "अगं, ह्यांचा कॉम्प्युटर सुरू कुठे होतो? हे तो कधी बंदच करत नाहीत. नुसता झोपवून ठेवतात. बटण दाबलं की उठतो." साडूचा चेहरा पडला. बायकोनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे खरा सुरू होणारा आमचाच म्हणायचा."

रविवारचं हे बोलणं तेवढं मी रचलेलं आहे. मेहुणी असं काही म्हणाली नाही. म्हणेल अशी मला फार आशा होती, म्हणून गप्पा ऐन रंगात असताना मी हळूच वाकून साडूच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. झोपेचं सोंग असेल तर उघडं पडेल, हा हिशोब. पडदा काळा झाला. साडू उठला, वायर लावली, बटण दाबलं. बोट उचलायच्या आत सुरू.

"अहो, भाऊजींचं काम चाललं होतं ना त्यावर," बायको म्हणाली.

"असू दे," साडू म्हणाला. "सगळं सेव्ह केलेलं असतं."

येताना बायको गाडीत एकच वाक्य बोलली. "बघितलंत? सेव्हसुद्धा केलेलं होतं."