ओकच्या पिंपाची दूरवरची चाहूल

माणसाची जीभ हे अत्यंत बेभरवशाचे उपकरण आहे आणि ते आपण कोलकात्यातल्या बालीगंजच्या राहत्या फ्लॅटमध्ये सप्रमाण सिद्ध करू, अशी घोषणा गुरुदत्तने केली. तो सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होता. इतर लोक ज्या सहजतेने ‘बहुधा’ म्हणतात, त्या सहजतेने तो ‘सप्रमाण’ म्हणत असे.

निमित्त मेव्हण्याचे होते. बँकेतल्या हर्षदने अमेरिकेहून एकाच बर्बन व्हिस्कीच्या तीन वेगवेगळ्या बॅचच्या बाटल्या आणल्या होत्या.

“भावोजी, प्रत्येक बॅचची चव निराळी! एका घोटात सांगतो.”

“लेबल बघून सांगशील. लेबल झाकलं की तिन्हींची चव एकच.”

“आणि ओळखली तर?”

“तर रविवारी आपल्या मराठी मंडळात ज्योतिषी येताहेत ना, त्यांच्या व्याख्यानाचं अध्यक्षपद मी घेईन!”

हे धाडस मोठे होते. त्या ज्योतिष्यांना बोलावू नये म्हणून मंडळाच्या सभेत टेबलावर मूठ आपटणारा एकमेव सभासद गुरुदत्तच होता.

चाचणीची आखणी निर्दोष होती. बायकोने, म्हणजे शकुनने, स्वयंपाकघरात दार लावून तिन्ही बॅच बिनलेबलाच्या, एकसारख्या बाटल्यांत भरायच्या, त्यांवर क, ख, ग अशी अक्षरे टाकायची आणि फुलपात्रांतून द्यायची. निकाल लागेपर्यंत तिने तोंड उघडायचे नाही.

“देवाची फुलपात्रं सोडून,” एवढे बोलून शकुनने तोंड मिटले.

हर्षदने घोट घेतला. “ही वेगळी!” शकुनने त्या फुलपात्राच्या बाटलीकडे बोट दाखवले: ग.

शकुनने फुलपात्रांची जागा बदलली. पुन्हा ग. पुन्हा बदलली. पुन्हा ग!

गुरुदत्तने स्वतः डोळ्यांवर टॉवेल बांधून चव घेतली. तिसऱ्या फुलपात्रात मंद धूर होता, करपू घातलेली साखर होती आणि बर्बन मुरवतात त्या ओकच्या पिंपाची दूरवरची चाहूलही होती. तसे तो मोठ्याने म्हणालाही. मग त्याने टॉवेल सोडला आणि खऱ्या वैज्ञानिकाप्रमाणे पराभव मान्य केला.

“ताई, भावोजी अध्यक्ष!” म्हणत हर्षदने तिथूनच मंडळाच्या कार्यवाह वृंदाताईंना फोन लावला आणि ओकच्या पिंपासकट सगळा वृत्तांत ऐकवला.

तो गेल्यावर गुरुदत्त स्वयंपाकघरात आला. ओट्यावर अमेरिकेच्या दोन बाटल्या सीलबंद होत्या.

“शकुन, या उघडल्या नाहीत?”

“कशाला उगाच सीलं तोडायची? तिन्हींची चव एकच, असं तुम्हीच म्हणालात ना! एकीतलीच तिन्हींत ओतली.”

“मग ग वेगळी कशी लागली?”

शकुनने ‘ग’ची बाटली उजेडात धरली. “एकसारख्या बाटल्या घरात नोलेन गुडाच्या, त्या खजुराच्या पातळ गुळाच्याच होत्या, हो. दोन केव्हाच धुऊन ठेवल्या होत्या. तिसरी आज सकाळी संपली. तळाशी थोडा राहिला असेल.”

“आणि हे तू तेव्हा बोलली नाहीस?”

“तोंड उघडायचं नव्हतं!”

गुरुदत्त स्टुलावर बसला. त्याचा सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला होता. एक फोन केला की अध्यक्षपद टळणार होते. मात्र त्यासाठी वृंदाताईंना सांगावे लागणार होते, की कोलकात्यात इतकी वर्षे काढलेल्या रसायनशास्त्रज्ञाने खजुराच्या गुळाला ओकचे पिंप म्हटले.

रविवारी त्याने ज्योतिष्यांना स्वतःच्या हाताने नारळ आणि शाल दिली.

हर्षद आता दर शनिवारी येतो आणि आल्या आल्या ‘ग’ मागतो. तो जिना चढत असतो, तेवढ्यात गुरुदत्त बाटलीत अर्धा चमचा गूळ घालतो. मोजून.