शंभर टक्के समजलेली शाळा

समजणे ही डोक्याच्या आत घडणारी गोष्ट असल्यामुळे ती वरिष्ठांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा अहवाल पाठवता येत नाही. ही उणीव ओळखून लांज्याजवळच्या एका वाडीतल्या शाळेला आकलन-मापन संच देण्यात आला. प्रत्येक पोराच्या हातात दोन बटणांचं एक डबडं. कळलं तर हिरवं, नाही कळलं तर लाल. सगळी हिरवी झाली की भिंतीवरच्या पडद्यावर फुलं पडतात, टाळ्या वाजतात आणि पुढचा धडा उघडतो. एक जरी लाल असलं तरी यंत्र जागचं हलत नाही. (पूर्वी हे काम बाई पोरांच्या तोंडाकडे बघून करत. त्यात टाळ्या नव्हत्या.)

पहिल्या आठवड्यात शाळेची समज सत्त्याण्णव टक्के भरली, दुसऱ्यात शंभर. त्या आठवड्यात केरूचा समर्थ तापाने घरी होता. त्यालाही सगळं कळलं. त्याचं बटण शेजारचा दाबत होता.

मग अपूर्णांक आले आणि राहीने लाल दाबलं.

राही ही मथुराआजीची नात. (आजी दुसरीतून शाळा सोडलेली, पण घर, बाग, दोन सुना आणि मुंबईला असलेले दोन्ही मुलगे तिच्या एका भुवईवर चालतात.) राहीचं म्हणणं एवढंच, की भागल्यावर आकडा लहान व्हायला हवा, मग सहाला अर्ध्याने भागलं तर बारा कसे?

योगिनीबाई म्हणाल्या, "उलटं करून गुणायचं."

"कसं करायचं ते कळलं, बाई. का करायचं ते नाय."

'का'साठी यंत्रात बटण नव्हतं. पुन्हा लाल. टाळ्या थांबल्या, तालुक्यात शाळेचा नंबर घसरला, आणि मुख्याध्यापक विनोद सरांनी अत्यंत मानवतावादी तोडगा काढला: राहीला सोमवारपासून पूरक वर्गात बसवायचं. पूरक वर्ग म्हणजे खिचडीच्या तांदळाची खोली. तिथे यंत्र नाही, बाई नाहीत, पोती आहेत.

शिक्कामोर्तबासाठी पालकसभा बोलावली. पालकांच्याही हाती डबडी दिली; सगळी हिरवी होतील तेव्हा शेवटी जे मागणं बोललं गेलं, ते यंत्र ठराव म्हणून लिहून घेणार. "सर्वांना मान्य?" सगळं हिरवं, एक लाल. पडदा थिजला.

"आजी, हिरवं दाबा. मग समजावून सांगतो," विनोद सर म्हणाले.

"आदी सांगा. मंग दाबीन."

मागून धाकू ओरडला, "काकी, दाब गो एकदाचा! माझी एस्टी जाईल!"

"तुला काय कळला ता सांग मेल्या, आनी मंग जा एस्टीत."

धाकूने शेजाऱ्याचं बघून दाबलं होतं.

आजी उठली. पदर सावरला, हात जोडले आणि सरळ गाऱ्हाणं घालायला लागली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काय मागितलं ते ऐकायची कुणावर सक्ती नसते. (गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायचं नसतं. यंत्राने हरकत घेतली नाही.)

"बा देवा म्हाराजा, पोरांच्या बोटांना बळ दे!"

"व्हय म्हाराजा!" सभा गरजली. अंगठेही आपसूक हिरव्यावर गेले.

"त्यांच्या डोक्यांना इसावा दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी राहीला तिच्याच वर्गात ठेव, नि तिला कळल्याबिगर कुनाचाच धडा फुडं सरकू देव नुको!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आजीनेही हिरवं दाबलं. पडद्यावर शंभर टक्के, फुलं, टाळ्या. विनोद सरांचा अंगठाही हिरव्यावरच सापडला. एकमताने झालेली गोष्ट पुसायची सोय यंत्रात नाही.

तेव्हापासून राही वर्गात आहे आणि वर्ग त्याच पानावर आहे. पालक खवळलेत, असला ठराव केला कुणी, याची चौकशी मागतायत. योगिनीबाई रोज फळ्यावर भाकऱ्या काढतात आणि पुसतात. त्यांना स्वतःला आता जवळजवळ कळत आलंय.

तुम्हाला अर्थात हे ठाऊकच असणार. सहाला अर्ध्याने भागल्यावर बारा का होतात, हा प्रश्न वर आला तेव्हा तुम्ही न अडखळता पुढच्या ओळीवर गेलात. तुमचं हिरवं धरलेलं आहे.