आधी चाकर, मग सरकार

नानांकडे पाणी मागायची चूक मी एकदाच केली. नाते नावाच्या गावात शाळामास्तर म्हणून आलो, घामाघूम होऊन शेजारच्या नानांच्या ओटीवर टेकलो. नानांनी तांब्या आणला आणि आधी स्वतःच वरून घटाघटा प्याले. मग पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसले. माझ्या घशाला कोरड. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घ्या. आधी चाकर, मग सरकार."

नानांचे पूर्वज म्हणे जवळच्या गडावर आबदारखान्याचे दारोगा, म्हणजे राजाच्या पिण्याच्या पाण्याचे मुख्य अधिकारी. पाणी कुठल्या टाक्यातलं, कुणी भरलं, कशातून गाळलं, सगळं त्यांच्या नजरेखाली आणि पहिला घोटही त्यांचाच. "परधान चुकला तर मुलूख जातो, मास्तर. आबदार चुकला तर राजा जातो." कागद दाखवा म्हटलं की, "वाळवीनं खाल्ला," म्हणून मोकळे. राजे गेले, पण नानांची नोकरी काही सुटेना.

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ लागली. विहिरीत औषध टाकायला तालुक्याचा माणूस यायचा, तो येईना. आमच्या घरात सव्वा महिन्याची पोर. माझा जीव टांगणीला. पाणी उकळा म्हणून मी दारोदार सांगत फिरलो. नाना मात्र रोज सकाळी विहिरीवर जाऊन बसायचे. पहिली कळशी ओढून ओंजळभर प्यायचे आणि ऊन काठावर येईपर्यंत कुणाही बाईला पाणी भरू द्यायचे नाहीत.

"अवो नाना, चूल खोळंबली."

"खोळंबू दे गो. मी धड हाय का बघ, मग भर."

चौथ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "नाना, पटकी तासाभरात कळत नाही. उगाच मराल."

"ठावं हाय." ते विहिरीत बघत राहिले. "मागल्या पटकीत मी शेतावरनं आलो. हिनं पानी आनलं. म्हनाली, दमलाव, आधी तुम्ही प्या. मी म्हनलं, तू पी गो, मी बैल बांधून येतो. ती प्याली. मागनं बैलानं कळशी लवंडली, माझं प्यायचं राह्यलं. तिसऱ्या दिशी ती गेली. आबदाराच्या घरात मी सरकार झालो, मास्तर."

मी उठलो. घरी जाऊन उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणला. त्यांच्यादेखत आधी मी प्यालो आणि पोटावर हात ठेवून शेजारी बसलो. बायका कळश्या टेकवून बघत होत्या.

"घ्या नाना. आधी चाकर..."

"पुढचं म्हनू नका," नाना म्हणाले, आणि तांब्या दोन्ही हातांनी धरून प्याले.