निरोगी माणसांच्या फेऱ्या

देशाचं रक्षण सैनिक करतो आणि सैनिकाच्या बायकापोरांचं रक्षण परिपत्रकं करतात, हे कुठल्याही सुसंस्कृत राष्ट्राला मान्य करावंच लागेल. जर्मनीत कायझर्सलाउटर्नजवळच्या एका अमेरिकी लष्करी तळावर तर परिपत्रकांचा इतका सुकाळ आहे, की तिथे कुणाला दुःखी राहण्याची सोयच उरलेली नाही. तरीही काही कुटुंबं हट्टाने दुःखी राहतात. अशांसाठी तळाने स्वरूपा दामले हिला समुपदेशक म्हणून नेमलं आहे.

स्वरूपा मूळची कोथरूडची. पदवी पुण्याची, परवाना ओहायोचा आणि नवरा सोमवार ते शुक्रवार कोलोनचा. (सत्यजित गिअरबॉक्समध्ये आहे. शुक्रवारी घरी येतो आणि मसाल्याचे डबे त्याला योग्य वाटतात त्या क्रमाने लावतो. हा विषय इथे नाही.)

तिच्या कामाचे नियम अत्यंत माणुसकीचे आहेत. समुपदेशकाला खोली नाही. कारण खोली म्हटली की दार आलं, दारातून आत जाणारीला कुणीतरी पाहणार, संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या साहेबाला कळणार आणि बढती बोंबलणार. 'आजार', 'उपचार' हे शब्द उच्चारायचे नाहीत, 'गप्पा' म्हणायचं. आणि गप्पा मारायच्या त्या चालता चालता, तळावरच्या सुपरमार्केटच्या पार्किंगभोवती. तिथल्या ट्रॉल्यांच्या गर्दीत कोण कुणाशी बोलतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही, असं परिपत्रक म्हणतं. (परिपत्रक लिहिणारे साहेब स्वतः कधी कांदे-बटाटे आणायला गेले नसावेत.)

थोड्याच महिन्यांत सगळ्या तळाला कळलं, की निळ्या जॅकेटातल्या त्या ठेंगण्या इंडियन बाईबरोबर जी पार्किंगला प्रदक्षिणा घालते, तिच्या घरी काहीतरी बिनसलंय. लोक कॉफी घेऊन खिडकीत बसू लागले. बायका यायच्या थांबल्या. (त्या तिमाहीत मदत मागणारी कुटुंबं ८१ टक्क्यांनी घटली. कार्यक्रमाला प्रशस्तिपत्र मिळालं.)

यावर कार्यक्रमप्रमुख हॉबार्टसाहेबांनी काढलेल्या तोडग्याला तोड नाही. दुःखी माणसांबरोबर सुखी माणसंही फिरवा, म्हणजे कोण कुठलं ते ओळखू येणार नाही! प्रमाणही ठरलं. एका दुःखी फेरीच्या आधी तीन निरोगी फेऱ्या. प्रश्न फक्त निरोगी माणसं आणायची कुठून, एवढाच होता. पहिला स्वयंसेवक तळावरचा एक हसतमुख आचारी. दुसऱ्याच वळणावर तो ट्रॉल्यांच्या शेडमध्ये ढसाढसा रडला. त्याला दुःखीत वर्ग करावं लागलं आणि त्याच्यासाठी आणखी तीन निरोगी शोधावे लागले. त्यातले दोघं पहिल्या वळणावरच रडले. हिशेब असाच चालता, तर वर्षअखेर जर्मनीची लोकसंख्या पुरली नसती.

बैठकीत स्वरूपा गमतीने बोलून गेली, ''आमच्या इथल्या मराठी मंडळाला विचारा. आमचे अध्यक्ष गेल्या वर्षी गणपतीत माइकवर म्हणाले, आपल्यात हे डिप्रेशन वगैरे नसतंच.'' हॉबार्टसाहेबांना गंमत कळत नाही. त्यांनी त्याच दुपारी मंडळाला पत्र धाडलं.

मंडळ कृतकृत्य झालं. अध्यक्ष राजाभाऊ सबनीस, तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले, त्यांनी स्वतःचं नाव यादीत पहिलं घातलं. तळावर शिरायचे पास निघाले. मंडळी चिवड्याचे डबे घेऊन येऊ लागली. पहिली अर्धी फेरी रेल्वेगाड्यांच्या उशिरावर जायची, पुढचा तुकडा घरमालकाच्या कटकटीवर. मग आवाज खाली यायचा. ''माझं नाही हं, माझ्या एका मित्राचं आहे.'' (दोन महिन्यांत मंडळाच्या तेवीस सभासदांच्या मित्रांची झोप उडालेली आढळली. हे मित्र राहतात कुठे आणि गणपतीला का येत नाहीत, याचा तपास लागलेला नाही.)

या सगळ्यात क्रिस्टल अडकली होती. एका सार्जंटची बायको, पदरी पाच वर्षांची मुलगी. नवरा नऊ महिन्यांनी शुक्रवारी परतणार होता. अख्खा तळ तिचं अभिनंदन करत होता आणि तिला त्या शुक्रवारचीच धास्ती होती. तो वाईट नव्हता हो! पण नऊ महिने तिने एकटीने घर चालवलं होतं. आता दारात जो उभा राहील तो ओळखीचा वाटेल का, त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, तिला काही सुचत नव्हतं. ''शुक्रवारच्या आधी मला अर्धा तास द्या,'' ती फोनवर म्हणाली. ''पण माझा नंबर आल्यावरच. माझ्या गाडीकडे येऊ नका. त्याची बढती आहे.''

गुरुवारी दोन निरोगी फेऱ्या झाल्या. तिसरी राजाभाऊंची. करड्या गाडीत क्रिस्टल वाट बघत होती. साडेपाचला तिला मुलीला आणायला जायचं होतं.

राजाभाऊंनी फेरी अगदी वेळेत संपवली, हे मान्य केलं पाहिजे. पावणेपाचला ते म्हणाले, ''चला, निघतो.'' आता, आपला माणूस पाहुणा म्हणून तासभर बसून हवापाणी बोलतो आणि घशात अडकलेलं असतं ते चपला घालताना बाहेर काढतो, हे काय सांगायला हवं? राजाभाऊ दोन पावलं गेले आणि वळले.

''एक विचारायचं राहिलंच. माझ्या एका मित्राचा मुलगा फ्रँकफर्टला बँकेत आहे. वर्ष झालं, बापाचा फोन उचलत नाही.'' (राजाभाऊंचा मुलगा वेद फ्रँकफर्टला बँकेत आहे. योगायोग.)

''भांडण झालं होतं का?''

''भांडण कसलं गं! बाप जरा बोलला. बापाने बोलूही नये का?''

करड्या गाडीची काच खाली आली. स्वरूपाने घड्याळ बघितलं.

''राजाभाऊ, त्या मित्राला शनिवारी माझ्या घरी पाठवा. हवा तेवढा वेळ बसू. आत्ता मला दुसऱ्या कुणाला वेळ द्यायचाय.''

''कुणाला?'' राजाभाऊंनी मान वळवून अख्खं पार्किंग न्याहाळलं. काच वर गेली.

''ते सांगता येत नाही.''

''गेनाऊ, गेनाऊ. अगदी बरोबर. निघालोच.'' आणि ते जागचे हलले नाहीत. ''मित्र रोज बाल्कनीत जातो. बंद फोन कानाला लावतो. जेवलास का रे, थंडी आहे का, असं बोलतो. कुंदाला वाटतं... म्हणजे मित्राच्या बायकोला वाटतं, बापलेकाचं सगळं छान चाललंय.'' त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

स्वरूपाला भरून आलं आणि त्याच क्षणी त्यांना धरून गेटबाहेर काढावंसंही वाटलं. पण वडीलधारं माणूस बोलत असताना पाठ फिरवायची नाही, हे कोथरूडने शिकवलेलं. रडवेल्या माणसाला सोडून जायचं नाही, हे ओहायोने. दोन्ही शिक्षणं नेमकी एकदम आडवी आली.

''राजाभाऊ, तो मित्र तुम्हीच ना? एवढं हो म्हणा, आणि जा. शनिवारची पहिली वेळ तुमची.''

राजाभाऊ ताठ झाले. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. ''छे गं! मला काय धाड भरलीय?''

आणि असा गैरसमज मागे ठेवून जाणं त्यांना प्रशस्त वाटेना. मग आपण किती मजेत आहोत, हे ते सविस्तर सांगू लागले. बागेतले टोमॅटो झाले, कुंदाचा योगवर्ग झाला, वेदचं बँकेतलं प्रमोशन झालं (ते त्यांना इंटरनेटवरून समजलं होतं). स्वरूपाने तीनदा ''बरं, मग...'' म्हणून पाहिलं. सव्वापाच वाजून गेल्यावर करडी गाडी सुरू झाली. स्वरूपा तिच्यामागे चार पावलं धावली आणि थांबली. खिडक्यांतून लोक बघत होते.

संध्याकाळी तिने फोन केले. क्रिस्टलने उचलले नाहीत.

शुक्रवारी विमान उतरलं, बँड वाजला. तळाच्या फोटोत क्रिस्टल हसते आहे. तिने फेरी घेतली नाही, म्हणजे तिला गरज नव्हती, म्हणून ते कुटुंब 'समस्यामुक्त' ठरलं. पाच आठवड्यांनी ती मुलीला घेऊन टेक्ससला निघून गेली आणि सार्जंट बराकीतल्या एका खोलीत राहायला गेला. अहवालात याला 'सामान्य स्थलांतर' म्हटलं आहे. सामान वेळेत पोचलं. स्वरूपा ते वाचून स्वच्छतागृहात जाऊन रडली. (समुपदेशकालाही समुपदेशक मिळतो. त्याआधी तीन निरोगी माणसं आणावी लागतात.)

राजाभाऊंनी कोजागिरीला मंडळात अनुभव सांगितला. ''बिचारे अमेरिकन! काय एकेक प्रश्न असतात हो त्यांच्यात. आपण जातो, जरा आधार देतो.'' टाळ्या पडल्या. कुंदाकाकूंनीही वाजवल्या.

कार्यक्रम आता वाढवायचा आहे आणि माणसं कमी पडताहेत. आपण इथवर वाचलंत, म्हणजे सवड आहे. आपल्या घरी सगळं ठीक आहे, मुलं बोलतात, झोप लागते. कुणी विचारलंच तर आपण तसंच सांगता. आपल्यासारखीच माणसं हवी आहेत. येताना पासपोर्ट आणावा. गुरुवारी पावणेपाचनंतरची वेळ मोकळी आहे. त्या वेळेची बाई आता येत नाही.